फळ्यावरचं माझं रक्त

मी सुईला भितो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. वय पंचेचाळीस झालं होतं, दोन पोरींचा बाप होतो, शंभर माणसांपुढे भाषण ठोकायचो. आणि कंपाउंडरने सुई उकळायला ठेवली की माझे हातपाय गार पडायचे. हे फक्त सिंधूला, म्हणजे माझ्या बायकोला ठाऊक होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण मला मात्र वर्षातून चार वेळा ऐकवलं.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की ज्यांच्या घरात कुणाला रक्त चढवायची वेळ येईल त्यांनी माझ्यासारखा मूर्खपणा करू नये. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. धरणगावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी प्रेसवर होतो. रुईच्या गाठी बांधणं हेच माझं शिक्षण. भीतीतलं मात्र मला बरंच कळतं.

फळा

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्यातल्या एकाची बायको बाळंतपणात अडली. तिला जळगावला नेलं, रक्त लागलं, आणि दवाखान्याबाहेर रक्त विकणारी जी माणसं उभी असत त्यांनी त्या गड्याला पार पिळून काढलं. बाई वाचली. तो मात्र पुढे कितीतरी दिवस कर्ज फेडत राहिला.

तेव्हापासून आमच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर एकच विषय सुरू झाला. सरकार करेल तेव्हा करेल, आपण काय करू शकतो? कुणी म्हणालं, सलाइनचा स्टँड आणि बेडपॅन एकदाच विकत घेऊन कारखान्यात ठेवू, ज्याच्या घरी लागेल तो नेईल. कुणी म्हणालं, तापाच्या गोळ्या घाऊक आणू. एका म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की डॉक्टरांना वाचता येईल असं लिहायला लावा, निम्मा खर्च तिथेच वाचेल. आम्ही हसलो, पण त्याचं खोटं नव्हतं.

माझी कल्पना रक्ताची. सगळ्यांचा रक्तगट एकदा तपासून घ्यायचा आणि गेटवर मोठा फळा लावून प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवायचा. कुणाला गरज पडली की फळ्याकडे पळायचं, विकणाऱ्याकडे नाही. कल्पना चांगली होती, आजही मी तसंच म्हणेन. पण तिथे थांबलो असतो तर मी कसला पुढारी! मी आणखी एक शेपूट जोडलं. दवाखाना दर वेळी गट तपासायची वेगळी फी घेतो. एकदा तपासून कार्ड दिलं की पुन्हा कशाला तपासायचं? रक्त काय ऋतूप्रमाणे बदलतं का? या वाक्यावर टाळ्या पडल्या. जळगावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला मी तसा अर्ज केला. सह्या आणि अंगठे साऱ्या कामगारांचे, पहिली सही माझी. त्यांनी तो मान्य केला. आमच्या जिनिंगचं कार्ड दाखवलं की गट पुन्हा तपासायचा नाही, असं ठरलं.

ते कागद हातात घेऊन मी अख्ख्या बाजारातून चालत घरी आलो होतो.

बदली

आता रक्त तपासायचा दिवस आला. जिनिंगमध्ये एक रीत होती, ती सांगायला हवी. कायम कामगाराला लग्नाकार्याला जायचं असलं की तो आपल्या जागी बदली माणूस पाठवायचा. मस्टरवर नाव कायम माणसाचं. टाइमकीपर ते नाव पुकारायचा आणि बदलीवाला "हजर" म्हणायचा. त्या दिवसापुरता तो दुसऱ्याच्या नावानं जगायचा. पगाराचं ते दोघं आपसात बघून घेत. हे साऱ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

माझा बदली आनंदा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, गाठी बांधायला माझ्याहून चांगला. नऊ हंगाम तो बदलीवरच होता. दोन-तीन हंगामांत कायम करू, असं त्याला शेठनं तोंडी सांगितलेलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "उद्या माझ्या नावावर तू ये. धुळ्याला लग्न आहे." लग्न कसलं नि काय! मी धुळ्याला बहिणीकडे जाऊन दिवसभर शेवभाजी खात बसलो. तिने विचारलं, "आज कसं काय येणं केलं?" मी म्हणालो, तुझी आठवण आली.

इकडे मस्टरप्रमाणे नावं पुकारली गेली. माझं नाव आलं, आनंदा "हजर" म्हणाला आणि त्याने बोट पुढे केलं. दुसऱ्या दिवशी कार्ड माझ्या हातात ठेवत तो हसला. "ल्या भाऊ, हाई तुमनं रगत."

मीही हसलो. फळ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं: वसंत, बी पॉझिटिव्ह. फळा लावला त्या दिवशी मी भाषण केलं, तेव्हा तो माझ्या पाठीमागेच होता. बदलीवाल्यांची नावं मस्टरवर नसत, म्हणून फळ्यावरही नव्हती.

काळं

दोन हंगाम गेले. कंबर धरायची म्हणून मी उपाशीपोटी दुखण्यावरच्या गोळ्या खात होतो, वर चहा आणि बिडी. पोटात जळायचं. सिंधू कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायची आणि मी ताट सरकवायचो. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तेही मी लपवलं. लपवण्यात माझा हात चांगला बसला होता.

माघ महिन्यात एका सकाळी प्रेसजवळच मला रक्ताची उलटी झाली. पांढऱ्या रुईवर पडलेलं ते लाल मी पाहिलं आणि खाली बसलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कापूस उतरवून रिकामा झालेला एक टेम्पो, सिंधूच्या मांडीवर माझं डोकं, आणि ती सारखी ड्रायव्हरला विचारतेय, जळगाव किती राहिलं?

रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. पोटात जखम झालीय, तिच्यातून रक्त जातंय, असं त्यांनी सांगितलं. मग सिंधूला दाराशी नेऊन काहीतरी बोलले. ती परत आली तेव्हा तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, काही नाही, बरं वाटेल. खोटं बोलायला तिला कधीच जमलं नाही.

बाटली

रक्त द्यायला हवं होतं, आणि लगेच. डॉक्टरांनी विचारलं, "गट माहीत आहे?"

सिंधूने माझ्या शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं ते कार्ड काढून दिलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, केसपेपरला टाचणीने लावलं आणि हसून म्हणाले, "तुमच्याच जिनिंगचा तो अर्ज ना? शाबास. सगळ्यांनी असा विचार केला तर आमचं अर्धं काम हलकं होईल."

मी तोंड उघडलं होतं. त्या शाबासकीनं ते मिटलं.

दुपारी बाराच्या सुमाराला आमचे टाइमकीपर आले. त्यांना सगळे आबा म्हणत. फळा बघून बी पॉझिटिव्हवाला रघुनाथ नावाचा गडी त्यांनी सोबत आणला होता, एसटीनं, कामाच्या कपड्यांनिशी. त्याच्या केसांत अजून रुई अडकलेली होती. माझी योजना अगदी ठरल्याप्रमाणे चालली होती. रघुनाथ मला म्हणाला, "भाऊ, काळजी करू नका, माझं रक्त घट्ट आहे," आणि रक्त द्यायला शेजारच्या खोलीत जाऊन आडवा झाला.

मी छताकडे बघत पडून राहिलो. पंखा फिरत होता. मनात हिशेब चालू होता: कदाचित माझाही गट बीच असेल. चार-पाचच तर गट असतात, निघेल जुळून. मग वाटायचं, नाही निघाला तर? चुकीच्या गटाचं रक्त चढलं की माणूस मरतो, हे मीच भाषणात सांगितलं होतं, चांगलं आवाज चढवून.

सांगून टाकावं तर आबा समोर बसलेले. खोट्या हजेरीबद्दल मला काढून टाकलं असतं. आणि आनंदाचं काय? तोंडावर आलेली कायम नोकरी गेली असती. हे सगळं खरं होतं. पण आज प्रामाणिकपणे लिहायला बसलोय तर लिहितो, की सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. शंभर माणसांना बोट पुढे करायला लावणारा वसंता स्वतः सुईला भिऊन पळाला, हे कळलं तर लोक हसतील, याची. मरणापेक्षा मला हसण्याची जास्त भीती वाटत होती. माणूस इतका वेडा असू शकतो.

सिस्टर बाटली घेऊन आल्या. लाल, काचेची, बाहेरून ओली. ती स्टँडला टांगली गेली. सिस्टरनी माझा दंड पट्टीनं बांधला. सिंधूला वाटलं, मी सुईलाच भितोय. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा थोडं हसून म्हणाली, "डोया मिटी ल्या."

त्या हसण्याने माझा बांध फुटला. मी तिच्या कानाशी म्हणालो, "ते कार्ड मनं नही. आनंदानं रगत शे ते."

"काय बोली राह्यनात तुम्ही?"

"त्या रोज मी तठे नव्हतू. धुळे पळी गयथू. सुईले भ्याईसन."

तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकत नाही. तिने माझ्या दंडावर, जिथे सुई घालायची होती तिथेच, आपला पंजा दाबून धरला. सिस्टर म्हणाल्या, "अहो बाई, हात काढा." सिंधूने काढला नाही. माझ्याकडे बघत ती एवढंच बोलली, "आते सांगा, नही तं मी सांगस."

मी सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. सिस्टरनी नळी बंद केली आणि धावतच डॉक्टरांकडे गेल्या. आबा खुर्चीतून उठले. त्यांच्या हातात फळ्याची नक्कल असलेली वही होती. ती त्यांनी मिटली.

"मी काही ऐकलं नाही, वसंत," ते म्हणाले. "वयानं कान गेलेत माझे."

प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. कपाळाला आठ्या, हातात काचेची पट्टी. माझं बोट त्यांनी धरलं. सुई टोचली तेव्हा मी ओरडलो नाही, कारण ओरडायला अंगात काही उरलंच नव्हतं. थोड्या वेळाने त्या परत आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ओ पॉझिटिव्ह."

डॉक्टरांनी केसपेपरची टाचणी काढली आणि ते कार्ड बाजूला ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ओ गटाचं कोण, हे शोधायला आबांनी वही पुन्हा उघडली. मग ती बाजूला ठेवून शर्टाची बाही वर केली. "माझाच ओ आहे. त्या दिवशी मी स्वतः रांगेत होतो. तरी बाई, पुन्हा तपासा. आता माझा माझ्यावरही भरवसा नाही."

रघुनाथची बाटली बायकांच्या वॉर्डातल्या एका पेशंटला लागू पडली. त्याला ते सांगितलं तेव्हा तो खूश झाला.

बहुतेक

रक्त चढलं, वाहायचं थांबलं, ऑपरेशन टळलं. सतरा दिवस मी तिथे होतो. दवाखान्याचे दिवस सगळ्यांचे सारखेच असतात: पहाटे थर्मामीटर, मग फिनाईलचा वास, मग डॉक्टरांची वाट. सिंधू सुरुवातीला माझ्याशी कामापुरतंच बोलायची. औषध घ्या, कूस बदला, एवढंच. तिच्या रागाला मी काही म्हणू शकत नव्हतो.

वॉर्डात अमळनेरची एक अक्का होती, नवऱ्याजवळ बसलेली. तिने बघितलं की आठ पेशंटांसाठी आठ घरांतून आठ माणसं रोज एसटीचं भाडं घालून डबे आणतात. तिने पाळी लावून दिली: आज या घरानं सगळ्यांची भाकरी करायची, उद्या त्या घरानं. दोन दिवसांत सगळ्यांची धावपळ निम्म्यावर आली. अर्ज नाही, सही नाही, भाषण नाही. मी पडल्या पडल्या बघत होतो आणि मनात शरमत होतो.

एकदा मी धीर करून प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं, "मी बोललो नसतो तर तुमच्या लक्षात आलं असतं का?"

त्या म्हणाल्या, "रक्त देण्याआधी दोन्ही रक्तं एकत्र जुळवून बघायची आमची पद्धत आहे. तुमच्या केसला घाई होती, आणि कार्ड होतं. मी बघितलं असतं, बहुतेक."

तो "बहुतेक" अजून माझ्या कानातून गेला नाही. माझ्याच अर्जाने मी त्यांच्या हातातली एक तपासणी काढून घेतली होती. खर्च वाचवायला मी जी गोष्ट फालतू समजलो, तीच माझ्या आणि मरणाच्या मधे उभी होती. दोनदा तपासणं म्हणजे उधळपट्टी नाही, हे मी आता ज्याला त्याला सांगतो. ऐकणारे कंटाळतात, तरी सांगतो.

सात जण

दहाव्या दिवशी आनंदा भेटायला आला. पायाशी स्टुलावर बसला. केळी आणली होती. आबांनी त्याला एकट्याला गाठून सगळं सांगितलं होतं, आणि गप्प राहायलाही सांगितलं होतं.

मी म्हणालो, "आनंदा, तुझं नाव कुठे येणार नाही. आबांनी ऐकलंच नाही. फळ्यावर माझ्या नावापुढे गुपचूप ओ करून टाकू, झालं."

त्याने केळी माझ्या उशाशी ठेवली. मग म्हणाला, "भाऊ, मी एकलाच नही. त्या रोज सात जन दुसराना नाववर व्हतूत."

सात. म्हणजे त्या फळ्यावर सात नावांपुढे भलतंच रक्त लिहिलेलं होतं, आणि त्या सात जणांच्या खिशात तशी कार्डं होती. त्यातल्या कुणाला उद्या अपघात झाला, तो बेशुद्ध असला, तर त्याच्या दंडावर हात दाबून धरायला कुणी नसणार. आणि ते सात कोण, हे आता आनंदालाही नीट आठवत नव्हतं.

"बठ्ठा फळा पुसी टाका," आनंदा म्हणाला.

"सगळा फळा पुसायचा तर कारण सांगावं लागेल. तुझी नोकरी..."

"अकरा साल तं तुमना नाववर जगनू," तो म्हणाला. "मना नाववर कोनी मराले नको."

सिंधू पाणी भरत होती. ती थांबली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आनंदाला जेवायला थांबवून घेतलं.

आपलं नाव

कामावर परतलो त्या दिवशी मी गेटवर उभा राहिलो. फळा पाठीमागे होता. मी सगळं सांगितलं, धुळ्याची शेवभाजीसुद्धा. लोक हसले. खरंच हसले, पोट धरून, आणि मला काहीही झालं नाही. मग सातांची गोष्ट सांगितली तेव्हा हसू थांबलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी ओल्या फडक्यानं आणि रॉकेलनं फळा पुसला. पांढरा रंग हाताला लागून राहिला.

शेठनं व्हायचं ते केलं. मला महिनाभर घरी बसवलं. बदलीवाल्यांना हंगामभर बंद केलं, आणि आनंदाला कायम करायचं राहिलं ते राहिलंच. मी दोनदा शेठकडे गेलो, आबाही गेले. उपयोग झाला नाही. आनंदा भुसावळला मालधक्क्यावर हमालीला लागला. याची बोच मला आहे आणि राहील. माझा जीव वाचला त्याची किंमत त्याने भरली, हे मी कुठल्याही भाषेत वेगळं सांगू शकत नाही.

रक्ताची तपासणी पुन्हा ठेवली. या वेळी मस्टर बाजूला ठेवलं होतं. ज्याला यायचं त्यानं यावं, कायम असो, बदली असो, घरातल्या बाया असोत. आणि रुग्णालयाला नवा अर्ज दिला, की कार्ड असलं तरी पेशंटचं रक्त प्रत्येक वेळी तपासावंच. फी गरिबाला परवडेल अशी करा, पण तपासणी सोडू नका. पहिली सही पुन्हा माझीच होती, पण या वेळी टाळ्या नव्हत्या.

सकाळच्या पॅसेंजरनं आनंदा भुसावळहून आला. जिनिंगशी आता त्याचा काही संबंध नव्हता, तरी आला. मी रांगेत पहिला होतो, तो माझ्या मागे. त्याच प्रयोगशाळेतल्या बाई आल्या होत्या. मी डोळे मिटून बोट पुढे केलं. घाम फुटला होता, आणि सिंधू लांबून बघत हसत होती.

मग आनंदा पुढे झाला. बाईंनी वहीवरून मान वर न करता विचारलं, "नाव?"

अकरा वर्षांची सवय. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुढे केलं आणि स्वतःचं नाव सांगितलं.